बिनअंड्याची भुर्जी

आषाढाचा उतरता पंधरवडा मला कधी सुखानं गेलेला आठवत नाही. यंदा निमित्त लेकीचं. अनुजा बंगलोरहून घरी आलीय ती दूध, दही, तूप, अंडी, मध असं सगळं सोडून. डॉक्टरनं सांगितलं का, विचारलं, तर म्हणाली, नाही गं, मी आता प्लांट-बेस्ड आहे. मी म्हटलं, बरं. दारातली तुळसही प्लांट-बेस्डच आहे, पण ती मला भल्या सकाळी उठवून मिक्सरचं छोटं भांडं कुठंय म्हणून विचारत नाही.

तिचं स्वतःचं खाणं तिनं स्वतःपुरतं ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण तिला बापाला सुधारायचंय. तिच्या बापाला, म्हणजे आमच्या ह्यांना, सकाळी भुर्जी-पाव लागतो. आजचा नाही, लग्नाआधीपासूनचा रतीब आहे तो. अनुजा म्हणाली, मी बाबांची भुर्जी तोडणार नाही, फक्त त्यातलं अंडं काढणार. मुगाची डाळ भिजवायची, वाटायची, वाफवायची, मोकळी करायची आणि कांदा-मिरचीवर परतायची. आणि मग तिनं आवाज खाली आणून मला शेवटची खुबी सांगितली. म्हणाली, आई, तुला खरं वाटणार नाही, पण काळ्या मिठाला अगदी अंड्याचा वास येतो.

हिला काय सांगायचं? हा शोध मला लागला तेव्हा ही माझ्या पोटात होती.

सुरतेत चौऱ्याण्णवला प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. प्लेगात गावाकडं पळालेली माणसं पुन्हा सुरतेत परतली होती, सांचे पुन्हा सुरू झाले होते. इथं मागाला सांचा म्हणतात आणि मागांच्या कारखान्याला खातं. आमचे हे लिंबायतच्या एका खात्यात सांचे चालवायचे, एक पंधरवडा दिवसपाळी, एक पंधरवडा रातपाळी. आमची पहिली खोली खाडीच्या अंगाला होती. दोन सरी जोराच्या आल्या की खाडीचं काळं पाणी उंबरा ओलांडून आत यायचं. मग मी पिठाचे डबे खाटेवर ठेवायचे आणि स्वतः डब्यांच्या बाजूला बसायचे. दिवस राहिले तसं मी ह्यांना सांगून टाकलं, की ह्या पाण्यात मी दुसरा पावसाळा काढणार नाही.

नवी खोली मिळाली ती वरच्या मजल्यावर. कोरडी. घरातच मोरी, मोरीला स्वतंत्र नळ, खिडकीतून वारा. लिंबायतमध्ये त्या काळी असली खोली मिळणं म्हणजे नशीबच, आणि आम्ही ती पहिल्याच दिवशी आमची मानली. मालकीण मारवाडी, राजस्थानकडची, विधवा. सगळे तिला बाईसा म्हणायचे. खाली जिन्याच्या पायथ्याशी तिची खाट असायची आणि त्या खाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी लागायची. तुम्ही मराठी लोक, अंडी खाणारच, हे तिनं स्वतःच बोलून दाखवलं. वर्षभर ती नाक दाबून चालवून घेणार होती. अट एकच. "मेरे सावन में अंडा नहीं. न घर में पकाना, न बाहर से खाके ऊपर चढ़ना." अट मोडली की त्याच दिवशी खोली खाली करायची.

हे तेव्हा खात्यात होते. वचन दिलं ते मी. आणि किती तोऱ्यात दिलं! म्हटलं, बाईसा, त्यात काय सांगायचं, श्रावण आम्हीही पाळतो. आमच्यात तर कांदा-लसूणसुद्धा काहीजण सोडतात. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, जग जिंकलं.

आषाढी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसा धुतलेली साडी नेसून जिन्यात उभी. म्हणाली, आजपासून सावन.

मी म्हटलं, आज कसा? अमावास्या व्हायचीय अजून. दिव्यांची अवस व्हायची, मग श्रावण.

तर तिच्याकडं महिना पुनवेला संपतो आणि नवा दुसऱ्या दिवशी लागतो. आपल्याकडं तो अवसेला संपतो. मी बारावी शिकलेली बाई, पण हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सुरतेतल्या गुजराती शेजारणींचा श्रावण आपल्याबरोबरच येतो, म्हणून मी धरून चालले होते की जगात श्रावण एकच असतो. तिचा सावन राखीला संपणार, आमचा श्रावण पोळ्याला. दोन्ही पाळायचे म्हणजे दीड महिना. आणि तिनं खाल्लेला पंधरवडा कुठला, तर आखाडाचा! पुढं महिनाभर तोंड बंद ठेवायचं म्हणून ज्या दिवसांत आपला माणूस हात धुऊन घेतो, नेमके ते दिवस.

ह्यांना हे कळलं तेव्हा ते नुसते माझ्याकडं बघत राहिले. त्या बघण्यानं मला जितका संताप आला, तितका शिव्यांनीही आला नसता.

रातपाळी करून आलेल्या माणसाचा नाश्ता म्हणजे खरं तर त्याचं रात्रीचं जेवण. बारा-बारा तास उभं राहायचं, धागा तुटला की सांधायचा, कानात नुसती खटाखट. बाहेर यायचं ते उजेडात, आणि जग उठायच्या वेळी आपण झोपायचं. ह्यांचं म्हणणं होतं, की गरम, तिखट, पोटाला बिलगणारं काहीतरी पडल्याशिवाय त्यांचं पोट त्यांना झोपू देत नाही. तिखट भुर्जी, दोन पाव, वर चहा, की खिडकीला चादर लावून हे आडवे. ते मिळालं नाही की खाटेवर इकडून तिकडं. आणि रातपाळीला झोप न झालेला माणूस सांच्यासमोर उभा करायचा नसतो. सांच्यातला धोटा काही माणसाची झोप विचारून उडत नाही. ह्यांच्याच खात्यातल्या एकाचा डोळा त्यानं गेला होता. म्हणून हा नुसता जिभेचा चोचला नव्हता, हे मलाही मान्य होतं. मान्य होतं, म्हणूनच मी त्या भानगडीत पडले.

पहिल्या दिवशी मी बेसनात कांदा, टमाटा, कोथिंबीर घालून तव्यावर पसरलं. लोक त्याला टोमॅटो ऑम्लेट म्हणतात. ह्यांनी एक तुकडा मोडला आणि म्हणाले, धिरडं बरं झालंय. दुसऱ्या दिवशी तेच बेसन कढईत घोटून मोकळं केलं, भुर्जीचा सगळा मसाला घातला, ताटलीत पाव मांडला. ह्यांनी घास घेतला, थोडा वेळ चावला, आणि आपल्या अहिराणीत न्यायाधीशासारखा निकाल दिला. "हाई भुर्जी नही, हाऊ झुणका शे." तिसऱ्या दिवशी डाळ भरडून परतली. त्यालाही नाव निघालं. आपल्या लोकांनी डाळीच्या पिठाचं काही म्हणून करायचं शिल्लक ठेवलेलं नाही. तुम्ही काहीही करा, त्याचं बारसं आधीच होऊन गेलेलं असतं, आणि समोर बसलेला माणूस ते नाव घेतल्याशिवाय राहत नाही.

खाऊन व्हायचं आणि हे आडवे व्हायचे. मी भांडी घासत असायचे आणि पाठीमागून खाटेचं कुरकुरणं ऐकू यायचं. थोड्या वेळानं आवाज. "मन्हा डोया लागत नही." जसं काही त्यांचा डोळा मी लपवून ठेवलाय.

त्यात माझे दिवस. मला अंड्याचा वास मुळात सोसत नव्हता. अंडंच कशाला, रॉकेलचा, पावाचा, ह्यांच्या कपड्यांना लागलेल्या सांच्याच्या तेलाचा, कसलाच वास सोसत नव्हता. खरं तर सावन लागला तेव्हा मनातून मी सुटले होते. आणि आता बघा गंमत. जो वास नको म्हणून मी देवाला हात जोडले असते, तोच वास मुगाच्या डाळीत कसा आणायचा, याचा विचार करत मी दिवसभर बसायचे. असलं नशीब शत्रूलाही नको.

शोध लागला तो मळमळीमुळंच. शेजारची गुजरातीण म्हणाली, लिंबावर संचळ घालून चोख, बरं वाटेल. संचळ म्हणजे आपलं काळं मीठ, इथं ते ताकात पडतं, फळावर पडतं, पापडात पडतं. मी लिंबाची फोड तव्यावर जराशी गरम केली, वर संचळ भुरभुरलं आणि तोंडाशी नेली. नाकात जे शिरलं त्यानं मी फोड टाकून मोरीकडं पळाले. तोंड धुता धुता डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हे तर अंडं.

त्या दुपारी मी दळभद्री उत्साहानं कामाला लागले. मुगाची डाळ भिजवली, पाट्यावर मिरचीबरोबर वाटली. बसून वाटताना पोट आड येतं, म्हणून तिरकं बसून वाटली. ताटलीला तेल लावून ते वाटण पातळ पसरलं, उकळत्या पाण्यावर वाफवलं, गार झाल्यावर हातानं मोकळं केलं. सकाळी हे जिना चढताना ऐकू आले तसा कांदा टाकला, लसूण, मिरची, टमाटा, हळद, मग ते मोकळं केलेलं मूग, आणि अगदी शेवटी, पदर नाकाला लावून, संचळ. कढईतून जो काही वास उठला त्यानं खोली भरली. हे हातपाय धुऊन बसले. एक घास. दुसरा घास. पाव मोडला. मी दाराशी श्वास रोखून उभी.

"आते जमनं," हे म्हणाले.

आणि झोपले! चादर लावायचंही भान राहिलं नाही. तोंड उघडं टाकून, घोरत. मी खाली बसून रडले, खरंच सांगते. एका माणसाला डाळ खायला घालून झोपवण्यासाठी मी इतकी मेटाकुटीला आले होते, की तो झोपला तर मला रडू आलं.

इकडं अनुजा मिक्सर फिरवतेय. मी तिला म्हटलं, इतकं गुळगुळीत वाटू नको, थोडी कणी राहू दे, नाहीतर तो खरवस होईल. ती म्हणाली, व्हिडिओत असंच आहे. मग वाफवल्यावर गरमच मोडायला लागली. म्हटलं, गार होऊ दे, चिकट होईल. झालं चिकट. माझ्याकडं अशी बघते की जणू मी दृष्ट लावली. बापाची नजर उचललीय पोरीनं.

तर मग रोजचं ठरून गेलं. दुपारी डाळ भिजवायची, संध्याकाळी वाटायची, सकाळी परतायची. कपडे वाळत नव्हते, सगळ्या खोलीभर दोऱ्या, दोऱ्यांवर ओली धोतरं आणि साड्या, आणि त्या ओलीत संचळाचा वास असा मुरला की मी झोपेतही अंडं हुंगत होते. पण हे झोपत होते. सकाळी यायचे, शर्ट काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचे, खायचे, "जमनं" म्हणायचे, आडवे. मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला होता. शेजारणीला सांगितलं, गावाकडं आईला निरोप धाडला, की मी अंड्याशिवाय भुर्जी करते आणि ह्यांना फरक कळत नाही.

बाईसा सकाळच्या त्या वेळी देवळात असायची, म्हणून इतके दिवस निभावलं. एका सोमवारी तिचे गुडघे धरले आणि ती गेली नाही. हे खात्यातून आले तेव्हा ती जिन्याच्या पायथ्याशी बसलेली होती. हे तिला रामराम करून तिच्या अंगावरून वर आले. मी कढईत संचळ टाकलं. ह्यांचं खाऊन झालं, डोळा लागला. आणि मग जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी, थांबणं. गुडघे दुखत असलेली ती बाई कधी वर चढत नसे. त्या दिवशी चढली.

दारात उभी राहून तिनं एकच शब्द उच्चारला. "अंडा."

मी म्हटलं, बाईसा, मूग आहे, मुगाची डाळ. कढईत थोडं उरलं होतं ते तिच्यापुढं धरलं. पिवळं, मोकळं, वर कोथिंबीर. ते बघून तिचा चेहरा आणखीनच उतरला. त्यात तिचा दोष नव्हता, इतकं हुबेहूब मीच तर केलं होतं. मी म्हटलं, खाऊन बघा. ती मागं सरली. अंडं असलं तर, सावनाच्या सोमवारी? आता काय करायचं? खाल्ल्याशिवाय तिला मूग कळणार नाही, आणि मूग असल्याचं कळल्याशिवाय ती खाणार नाही. तिनं कचऱ्याची टोपली उलटवली. टरफलं नव्हती. म्हणाली, टरफलं काय, गल्लीत फेकली असतील. खोली खाली करा. आज.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. पाऊस धो धो. खाडीकडच्या गल्लीत तेव्हा गुडघाभर पाणी असणार. त्या काळ्या पाण्यात पिठाचे डबे डोक्यावर घेऊन, पाचव्या महिन्यातलं पोट घेऊन पुन्हा जायचं, आणि तेही मुगाच्या डाळीपायी! भीतीपेक्षा मला चीड आली. मी पाट तिच्यापुढं आपटला आणि म्हटलं, बसा. तुमच्या डोळ्यांदेखत करते. डाळ डब्यातून काढण्यापासून.

ती बसली. तिलाही जिद्द कमी नव्हती. मी डाळ तिच्या हातावर घालून दाखवली, तिनं दोन दाणे चावले. कोमट पाण्यात भिजत घातली. आता डाळ भिजेपर्यंत करायचं काय? ती तिथं, मी इथं, मधे डाळीचं पातेलं, आणि खाटेवर हे, ज्यांच्यापायी हा सगळा तमाशा, ते घोरताहेत. तेवढ्यात वीज गेली. गल्लीतले सगळे सांचे एकदम थांबले. आमच्याकडं सांच्यांच्या आवाजानं कुणाची झोप मोडत नाही, आवाज थांबला की मोडते. शेजारची दोन तान्ही एकदम रडायला लागली. हे जागचे हलले नाहीत.

त्या शांततेत मी सहज विचारलं, की बाईसा, तुम्ही आयुष्यात अंडं शिवलेलं नाही, मग तुम्हाला वास इतका नेमका कसा कळतो?

तिनं पातेल्यातली डाळ बोटानं ढवळली. मग सांगायला लागली. तिचा नवरा कापडाचा दलाल होता. दिवसभर मार्केट, संध्याकाळी रंगाच्या मिलांमधून फेऱ्या. लग्न होऊन ती सुरतेत आली तेव्हापासून तो घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला एक वास यायचा. तिनं विचारायच्या आधीच तो सांगायचा, आज रंगाच्या मिलमध्ये फार वेळ गेला, तिथल्या केमिकलचा वास आहे. तिनं मानलं. मग भाडेकरू आले, त्यांच्या खोल्यांतून तोच वास आला, तेव्हा तिला कळलं की केमिकल कसलं ते. तरी ती बोलली नाही. तिनं केलेला नाश्ता तो रोज खायचा, चांगला झालाय म्हणायचा. गेला तेव्हाही ती गोष्ट तशीच दोघांच्या मधे राहिली.

मी डाळ उपसली आणि वाटायला घेतली.

वाटलं, वाफवलं, मोडलं, परतलं. शेवटी संचळाचा डबा तिच्या नाकाशी नेला, मग चिमूट कढईत टाकली. वास उठला. बाईसानं हात पुढं केला. मी तिच्या तळहातावर थोडं ठेवलं. तिनं ते फुंकलं, तोंडात टाकलं, सावकाश चावलं. चावताना तिचे डोळे बारीक झाले, जणू कुणाला तरी लांबून ओळखायचंय.

"असली भी ऐसा ही होता है?"

हे म्हणतात असंच लागतं, मी सांगितलं.

तिनं पुन्हा थोडं घेतलं. मग हात पदराला पुसला आणि म्हणाली, "इतनी-सी चीज़ के लिए वो आदमी सारी उमर मुझसे झूठ बोला?"

रडणं नव्हतं त्यात. वैताग होता. इतका जुना वैताग मी तोवर कुणाच्या आवाजात ऐकला नव्हता.

मला वाटलं, सुटलो. तर ती उठता उठता थांबली. म्हणाली, हा संचळाचा वास आहे, हा मी माझ्या ताकात रोज घेते. सकाळी जिन्यात आला तो हा नव्हता. एवढं बोलून ती दाराजवळच्या खिळ्याकडं बघायला लागली. खिळ्याला ह्यांचा शर्ट. तिनं त्याला हात लावला नाही. मला म्हणाली, तू बघ.

मी शर्ट काढला. रोज मी कढईपाशी असायचे, नाकात संचळ भरलेलं, आणि शर्ट दाराशी. कधी जवळ घेतलाच नव्हता. आता छातीच्या बाजूनं नाकाशी धरला. तेल, घाम, पाऊस, आणि त्या सगळ्यांच्या वर, लारीवरच्या, म्हणजे हातगाडीवरच्या तव्याचा, लोण्यात परतलेल्या, खऱ्याखुऱ्या अंड्याचा वास. मी शर्ट तिथंच टाकला आणि मोरीकडं पळाले.

तोंड धुऊन मागं वळले तर बाईसा तिथंच. आता हिनं काय करायचं ते हिच्या हातात होतं. माझ्या मनात डबे भरायला सुरुवातही झाली होती.

"वचन किसने दिया था, तूने या उसने?" तिनं विचारलं.

मी, असं म्हटलं.

"तो तेरा वचन पूरा है." ती जिन्याकडं निघाली. पहिल्या पायरीवर कठड्याला धरून उभी राहिली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "उठे तो पूछना. मैंने कभी नहीं पूछा."

हे उठले ते चहा मागत. मी चहा दिला नाही. शर्ट दिला. माणसानं शर्ट हातात घेतला, आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्या दिवशी मी संचळ घातलं, त्याच सकाळी त्यांना डाळ वाटून सुजलेले माझे हात दिसले होते. मूग त्यांना मुगासारखाच लागला होता. पण मी दारात उभी होते आणि माझ्या तोंडावर काय होतं ते त्यांनी बघितलं, म्हणून ते म्हणाले, जमनं. दुसऱ्या दिवसापासून खात्याच्या फाटकाशी लारीवर थांबून खायचं आणि घरी येऊन पुन्हा माझं खायचं. दोन-दोन नाश्ते! मग झोप लागेल नाहीतर काय होईल?

"तू इतली मरमर करी ऱ्हायंती. तुले कसं सांगू?" आणि वर हळूच, आपला आखाड शे अजून, म्हणजे पाप कुणालाच लागत नही.

मी त्या दिवशी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोटातलं लेकरू ऐकतंय, असं शेजारीण भिंतीवर थाप मारून म्हणाली, इतकं बोलले. सगळ्यात जास्त राग कशाचा होता, सांगू? लारीचा नाही. खोलीवर पाणी पडलं असतं, त्याचाही नाही. इतके दिवस मी ज्या वासाच्या जोरावर फुशारकी मारत होते, त्याच वासाखाली ह्यांची चोरी लपत होती. मी माझ्या हातानं, नाकाला पदर लावून, रोज सकाळी ह्यांच्यावर पांघरूण घालत होते.

त्यानंतर पोळ्यापर्यंत मी सकाळी पोहे केले. साधे. हे निमूट खायचे आणि झोपायचेसुद्धा, म्हणजे भुर्जीवाचून झोप येत नाही हेही नाटकच होतं. दर सोमवारी मात्र खालून एक स्टीलची वाटी वर यायची. बाईसाचा निरोप असायचा, की तो झूठावाला थोडा असला तर दे. मी सोमवारी तिच्यापुरती डाळ वाटायचे. पोळा उलटला, आमच्या घरात खरी अंडी आली, तरी वाटी यायची थांबली नाही. त्या खोलीत आम्ही पुष्कळ वर्षं राहिलो. अनुजा त्याच जिन्यावर चालायला शिकली, बाईसाच्या खाटेला धरून.

आता सुरतेतच दिंडोलीला फ्लॅट आहे. मी मराठी शाळेत शिकवते, हे खात्यातून कधीच बाहेर पडलेत. सांच्यांनी कान घेतले, त्यामुळं बोलतात ते मोठ्यानं. डॉक्टरनं चालायला सांगितलंय, म्हणून रोज सकाळी फिरायला जातात. आज परत आले, शर्ट न बदलताच टेबलाशी बसले. अनुजानं ताटली पुढं ठेवली. चिकट गोळा, वर कोथिंबीर. कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते बघवेना. असं तोंड करून मी एकदा दारात उभी होते.

ह्यांनी घास घेतला. दुसरा घेतला. पाव मोडला.

"आते जमनं," हे म्हणाले, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

मी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. माझ्या नाकाचं काही चुकत असेल, म्हणून ह्यांच्या मागून जाऊन पाण्याचा तांब्या उचलायच्या निमित्तानं वाकले. चुकलं नव्हतं. इतकी वर्षं झाली, खातं सुटलं, घर बदललं, पण फाटकावरच्या लारीचा तवा काही ह्यांच्या शर्टातून निघत नाही. ह्यांनी माझ्याकडं वर बघितलं. ऐकू येत नसलं तरी काही गोष्टी त्या माणसाला बरोबर कळतात. मी तोंड उघडणार होते. विचारायचं, असं बाईसानं सांगितलेलं माझ्या चांगलं लक्षात आहे, आणि मी विचारणारही आहे, लेक गेल्यावर, दार लावून, सविस्तर.

तेवढ्यात अनुजा खुशीत बापाच्या गळ्यात पडायला पुढं झाली, आणि मधेच थांबली. नाक वर करून हुंगायला लागली.

"आई, कसला गं वास येतोय?"

कढई अजून गरम होती. मी संचळाचा डबा उघडला आणि चांगली मोठी चिमूट आत टाकली.

"ह्याचाच," मी म्हटलं. "तुझ्या काळ्या मिठाचा."